चौथी खेप

हे सगळं घडलं ते २०२३च्या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. त्या साली आमच्या इंदापूरकडे पावसाने पाठ फिरवली होती. उभे ऊस वाळत होते, कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता, आणि आम्ही मात्र गाडीत बसून दीडशे किलोमीटरवर पाऊस बघायला निघालो होतो.

याला कारण माझा मुलगा दादासाहेब. इंदापूरच्या बाजारात त्याचं खतांचं दुकान आहे. आदल्या वर्षी तालुक्यात सगळ्यात जास्त रासायनिक खत त्याने खपवलं म्हणून एका कंपनीने त्याला बक्षीस दिलं. पूर्वी अशा बक्षिसात भिंतीवरचं घड्याळ मिळायचं, फार तर मिक्सर. या वेळी भोरच्या पलीकडे, घाटमाथ्यावरच्या एका रिसॉर्टचं वर्षाचं कार्ड मिळालं. कार्डावर हिरव्या डोंगराचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, ‘चार ऋतू, चार मुक्काम’.

घरात तेव्हा एकच भांडण होतं, मेंढरांचं. माझे यजमान मानसिंग. घरात, गावात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही इथे आबाच लिहिते. आम्ही धनगर. पूर्वी दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, बारामतीचे माळ, मोरगाव, नीरा करत भोरचे डोंगर गाठायचे, तिथून घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत फिरायचं. घोडीवर संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी लेकरं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मीही चालले. पुढे आमच्या जमिनीला कालव्याचं पाणी मिळालं, ऊस आला, आम्ही कारखान्याचे सभासद झालो आणि चालणं थांबलं. कळप विकला. पण सगळा नाही. पंचवीस-तीस मेंढरं आबांनी ठेवली ती ठेवलीच.

आता दादासाहेबाने बंगला बांधला, पुढे गेट बसवलं, आणि गेटातून सकाळी पहिल्यांदा मेंढरं बाहेर पडायची. दुकानात येणारे लोक त्याला चिडवायचे, “दादासाहेब, तू पोत्यानं युरिया इकतुयास आन् तुजा बाप वावरात लेंड्या टाकतुय. खरं खत कुठलं ते एकदा घरात बसून ठरवा की!”

कार्ड मिळालं त्या दिवशी त्याने ते आबांच्या पुढ्यात ठेवलं.

“आबा, तुमी सारखं डोंगर डोंगर करता ना? चला, दावतो. वरसात चार बाऱ्या. एसी गाडी, गादीवर झोपायचं. पण मग मेंढरं इकायची. चरायला माळ तरी कुठं ऱ्हायलाय? जिकडं तिकडं ऊस. काल शेजाऱ्याच्या उसात तोंड घातलं म्हणून त्यानं मला भर चौकात शिव्या दिल्या.”

आबांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखीचं वाटलं असावं.

“चार खेपा?”

“चार.”

“चार खेपा पुऱ्या झाल्या की इकीन.”

“शब्द?”

“शब्द.”

आमची सून मनिषा दारात उभी होती. ती म्हणाली, “आईंच्या समोर बोललात हं आबा.” आबांचा शब्द म्हणजे काय ते तिलाही माहीत होतं. त्यांनी आयुष्यात फार थोडं बोलून ठेवलं, पण बोलले ते केलं. त्या दिवशी मला मेंढरांकडे बघवेना. आबा मात्र शांतपणे गोठ्यात गेले आणि वाघर घेऊन आले.

वाघर म्हणजे मेंढरं बसवताना भोवती उभारायची सुताची जाळी. आमच्या घराण्याची रीत अशी की कळपाच्या फेरीला निघताना वाघर शेवटी घोडीवर चढायची आणि घरी परतल्यावर सगळ्यात आधी उतरायची. माझ्या सासूबाई तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायच्या, तेव्हा खेप पुरी झाली. तोवर दारात उभं राहूनही ‘आलो’ म्हणायचं नाही, आणि कळपातलं एकही जनावर विकायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही चढून मागो.

“ही गाडीत घाल,” आबा म्हणाले.

“आबा, आपण रिसॉर्टला चाललोय!”

“खेप हाय का न्हाय? मग वाघर पायजे. न्हायतर खेप धरायची न्हाय.”

दादासाहेबाने घाईने डिकी उघडली. त्याला खेप धरली जायला हवी होती.

पहिली खेप भर पावसाळ्यातली. मोरगावला मनिषाने गणपतीला हात जोडले, मी जोडले, दादासाहेबाने पावसाची दिशा बघितली. तिथे कोरडं होतं. भोर सोडलं आणि वळणावळणाने वर चढलो, तसा काचेबाहेर नुसता पांढरा धूर. रिसॉर्टची मॅनेजर राजनंदिनी नावाची पुण्याची मुलगी होती, बोलायला गोड. तिने आम्हाला गॅलरीत नेलं आणि त्या धुराकडे हात करून म्हणाली, “इथून पूर्ण दरी दिसते, आजी. आमचा बेस्ट व्ह्यू आहे.” आम्ही माना डोलावल्या. पोहण्याच्या तलावावर धो धो पाऊस पडत होता आणि त्यात काही लोक, वरून भिजत होतेच, तरी पैसे भरून आणखी भिजत होते.

मला त्या डोंगराची ओळख पटेना. आम्ही पावसाच्या आधी परत फिरायचो, त्यामुळे मी त्याला फक्त कोरडा, पिवळा, करवंदीच्या जाळ्यांचा बघितलेला. ज्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं तो माणूस भलत्याच कपड्यांत समोर यावा तसं झालं. आबांनी मात्र चपला काढल्या, चिखलात चार पावलं टाकली आणि तलावाच्या कडेला थांबले.

“सारजा, ही रामहरीची पट्टी. आपण हितं वाघर लावायचो.”

ती गोष्ट खरी निघाली. रिसॉर्ट होतं त्या पांगारवाडी गावात पूर्वी भाताची खाचरं होती. भातवाले आमचा कळप आपल्या वावरात बसवून घ्यायचे. मेंढरं रात्रभर बसली की लेंडी-मूत जमिनीत मुरायचं, पुढच्या भाताला दुसरं खत लागायचं नाही. बदल्यात आम्हाला भात मिळायचा. रामहरी तेव्हा तरणा होता. आता डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन रिसॉर्टला दूध घालायला आला, तो आबांना बघून किटली हातात तशीच धरून उभा राहिला.

“मानसिंगराव? आन् वहिनी! आवं, मला वाटलं तुमी कवाच…”

“न्हाय, अजून हाय,” आबा म्हणाले.

अर्धी पट्टी त्याने रिसॉर्टला विकली होती, अर्धी कसत होता. मग त्याची नजर दादासाहेबावर गेली. “ह्यो त्योच का?” तो राजनंदिनीकडे वळला. “ताई, ह्यो हितं जन्मला. तुमी गाड्या लावता ना, बरुबर तितं. माज्या आयनं नाळ कापली ह्याची.”

राजनंदिनीने टाळ्या वाजवल्या. “सर! म्हणजे तुम्ही इथलेच!”

“माझा जन्म इंदापूरचा,” दादासाहेब म्हणाला. “दाखल्यावर हाय.”

घरी परतल्यावर गाडीतून उतरता उतरता तो मला म्हणाला, “आई, वाघर उतरव. भाकरी ओवाळ. आपल्याकडून काय ऱ्हायला नको.” मी ओवाळली. एक खेप पुरी झाली.

दुसऱ्या मुक्कामाची तारीख आली ती दिवाळीनंतर. दादासाहेबाने फोन लावून विचारलं की पावसाळा, हिवाळा, उन्हाळा झाले, हा चौथा ऋतू कुठला? राजनंदिनी म्हणाली, “ऑटम, सर. पानगळीचा.”

दादासाहेबाला सोईचं काहीतरी सुचलं. तो आबांना म्हणाला, “आबा, आपल्यात तीनच ऋतू. चौथा ह्यांचा इंग्रजी हाय. आपण तीन खेपांत भागवू.”

“कार्डावर चार छापल्यात न्हवं?”

“छापल्यात, पण…”

“मग चार. पानं आपल्याकडं शिमग्याला गळत्यात, त्यांच्याकडं दिवाळीला गळत आसतील. मोठ्या लोकांची झाडं.”

एकही पान गळलेलं नव्हतं. भात मात्र पिकून पिवळा झाला होता आणि रिसॉर्टमध्ये ‘भातकापणीचा अनुभव’ होता. पाहुण्यांना टोपी आणि विळा देत होते आणि त्याचे पैसे घेत होते. मनिषाने टोपी घालून रामहरीचं वावर कापायला घेतलं. घरी ती उसाच्या बांधावर गेल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. फोटो छान आला.

रामहरी बांधावर आबांजवळ बसला होता. त्याने ढेकूळ उचलून हातावर आपटलं, ते फुटेना.

“जमीन बगा. दगुड झालीया. दर साली एक पोतं वाढवतुय आन् भात हाय तितकाच. हितं येणारे पुण्याचे लोक इचारत्यात, बिगर खताचा तांदूळ हाय का? आता कुठनं आणू? मानसिंगराव, मेंढरं घेऊन या की एकडाव.”

आबांनी ते ढेकूळ त्याच्या हातातून घेतलं. मग म्हणाले, “इकायची हायती.”

“कुणी सांगितलं?”

“मीच शब्द दिलाय.”

दादासाहेब दोन हातांवर उभा होता. खत विकणाऱ्याला ढेकूळ फुटत नाही हे दिसलं असणार, पण तो फोनमध्ये मनिषाचा फोटो बघत राहिला. घरी आल्यावर त्याने पुन्हा आठवण केली, मी पुन्हा भाकरी ओवाळली.

तिसरी खेप थंडीतली. आता कुठे ती दरी दिसली, खालपर्यंत, आणि मला माझा डोंगर परत मिळाला. पण आबांनी दरीकडे पाठ केली, कारण हिरवळीवर रिसॉर्टने तीन मेंढरं आणि एक कोकरू बांधलं होतं. गळ्यात लाल फिती, अंग धुऊन पांढरंशुभ्र. पाहुण्यांची मुलं त्यांना जवळ घेऊन फोटो काढत होती. आबांनी एकीचा पाय उचलून खूर बघितला.

“खुरं सडलीत हिची. रोज पाणी लावता काय?”

“शाम्पू लावतो, आजोबा,” राजनंदिनी म्हणाली. “गेस्टना वास चालत नाही.”

“मग मेंढरू कशाला आणलं? कापूस ठिवायचा.”

ती मनापासून हसली. तेवढ्यात एका मुलाच्या हातातलं कोकरू घाबरून ओरडायला लागलं. ते मूल रडायला लागलं, मुलाची आई ओरडायला लागली. दादासाहेब पुढे झाला. त्याने कोकरू घेतलं, चारी पाय एका हातात गोळा केले, मान कोपरात धरली आणि ते गप्प झालं. लहानपणी तो अशीच कोकरं उचलून घोडीवर ठेवायचा. हात विसरले नव्हते. राजनंदिनी म्हणाली, “सर, तुम्ही तर एक्स्पर्ट!” तसं त्याने ते कोकरू असं खाली ठेवलं, की जणू कुणी दुकानात चोरीचा माल हातात दिला.

तिसऱ्यांदा भाकरी ओवाळून झाली आणि त्याने तयारी सुरू केली. इंदापूरच्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलं. गोठ्याच्या जागी फरशी टाकायची म्हणून माणूस येऊन मापं घेऊन गेला. आबा मेंढरांपाशी बसून हे सगळं बघायचे. मी एकदा न राहवून म्हणाले, “आवं, शब्द मागं घ्या. लेकाचंच तर घर हाय.” ते म्हणाले, “शब्द कशाला मागं घिऊ? चांगला शब्द हाय.”

एप्रिल आला. चौथ्या मुक्कामाच्या आदल्या दिवशी आबा स्वतःहून दादासाहेबाला म्हणाले, “टेम्पो सांग एक. मेंढरं बरोबर घेऊ. गिऱ्हाईक म्या बगितलंय, डोंगरातलं.”

दादासाहेबाला आनंद लपवता येईना. ज्याच्यासाठी वर्षभर डिझेल जाळलं ते काम बाप आपण होऊन करत होता. त्याने टेम्पो आणला, मेंढरांना वाटेत पाणी मिळावं म्हणून ड्रम भरून घेतला, व्यापाऱ्याला फोन करून ‘राहू द्या’ म्हणाला. आबा एसी गाडीत बसले नाहीत, वाघर घेऊन टेम्पोत मेंढरांत बसले. मोरगावला मनिषाने गणपतीला सांगितलं, “गिऱ्हाईक चांगलं निघू दे.” मी काही मागितलं नाही. मला काय मागावं ते कळत नव्हतं.

वर डोंगर माझ्या ओळखीचा होता, कोरडा, पिवळा. ज्या गावावर सबंध पावसाळाभर आभाळ फुटतं तिथे पाण्याचा टँकर उभा होता. पोहण्याचा तलाव रिकामा, तळाला पालापाचोळा. पानं गळायचा ऋतू हा होता, कार्डावर चुकून दिवाळीत छापला होता.

टेम्पो रामहरीच्या वावराशी थांबला. आबा आणि रामहरी दोघांनी मिळून खुंट्या ठोकल्या, वाघर उभी केली, मेंढरं आत घातली. दोघं मिळून दीडशे वर्षांचे, पण एकदाही एकमेकांना काही विचारावं लागलं नाही. दादासाहेब कडेला उभा राहून वाट बघत होता.

“आबा, गिऱ्हाईक कुठाय?”

“ह्यो काय, रामहरी.”

“रामहरीकाका? एवढी मेंढरं घेणार? आन् देणार काय?”

“भात,” रामहरी म्हणाला.

“मेंढरांच्या बदल्यात भात?”

“मेंढरांच्या न्हवं रं,” आबा म्हणाले. “लेंड्यांच्या.”

दादासाहेबाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “आबा, तुमी शब्द दिलाय! चार खेपा झाल्या!”

“पुऱ्या झाल्या?”

“मग? आलो की हितं!”

“दादासाहेब, वाघर घरी उतरली का? तुजी आय भाकरी ओवाळती, तवा खेप पुरी हुती. तीन डाव तूच ओवाळायला लावलीस. आन् वाटंवर आसताना जनावर इकायचं न्हाय, ती बी रीत तुला म्हाईत हाय. खेप पुरी हुंदे. लगीच इकतो.”

“मग चला घरी!”

“पाऊस आल्यावर. आपली मेंढरं पावसाच्या तोंडावरच परत फिरत्यात. पयल्यापासनं तसंच हाय.”

रामहरी खाली बघून हसू दाबत होता. मनिषाला ते जमलं नाही, ती तोंडाला पदर लावून गाडीकडे गेली. दादासाहेब मात्र माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काहीतरी बोलेन. मी म्हणाले, “तुजा जन्म त्या तिथला. तुला म्हाईत पायजे हुती रीत.”

आबांना तिथेच सोडून आम्ही परत आलो. सवयीने मी घरी जाऊन भाकरी घेऊन दारात उभी राहिले. ओवाळायला काही नव्हतं. ती मी पिठल्याबरोबर खाल्ली.

आबा दोन महिने त्या डोंगरावर राहिले. एकेका वावरात मेंढरं बसत गेली. रामहरीच्या पाठोपाठ इतर भातवाल्यांनीही बोलावलं. दादासाहेबाने फोनवर चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी औषधं पोचवायला म्हणून गेला, मग आठवड्याला जाऊ लागला. जूनमध्ये ढग आले तसा टेम्पो घेऊन गेला आणि आबांना, मेंढरांना, तांदळाच्या पोत्यांना घेऊन आला. मी भाकरी घेऊन पुढे झाले. टेम्पोत वाघर नव्हती.

“वाघर कुठाय?” दादासाहेबाने विचारलं. त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं.

“रामहरीच्या माळ्यावर,” आबा म्हणाले. “भिजली आसती. आन् दिवाळीला लागंलच.”

दादासाहेबाने टेम्पोवाल्याला पैसे दिले आणि मेंढरं गोठ्यात घातली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. त्या मोसमात रामहरीचा भात बरा आला. आता तो बिगर खताचा तांदूळ म्हणून रिसॉर्टलाच विकतो आणि रिसॉर्ट तो पाहुण्यांना ‘आजीच्या हातचा’ म्हणून वाढतं. कुठली आजी ते मला माहीत नाही. राजनंदिनीला बढती मिळाली. तिने शाम्पूची मेंढरं परत पाठवली आणि दिवाळीनंतर रामहरीच्या वावरात आमच्या कळपाशेजारी पाहुण्यांना बसवायला सुरुवात केली. त्याचा दर भातकापणीपेक्षा जास्त आहे, आणि वासाची तक्रार अजून कुणी केलेली नाही. मनिषाने लेंड्या वाळवून पोत्यांत भरायला घेतल्या. पोत्यावर आबांचा फेट्यातला फोटो आहे, तो त्यांना न विचारता काढलेला. दुकानात युरियाच्या शेजारी ती पोती असतात. लोक अजून चिडवतात, “ठरलं का रं घरात, खरं खत कुठलं?” दादासाहेब म्हणतो, “दोनी घ्या, मग ठरवा.” खत कंपनीने मागच्या वर्षी त्याला मिक्सर दिला.

आबा २०२४च्या दिवाळीला पुन्हा कळप घेऊन टेम्पोतून गेले आणि पावसाच्या आधी परत आले. २०२५च्या श्रावणात त्यांना साधाच ताप आला आणि त्यात ते गेले. घरीच गेले, मेंढरांचा आवाज येईल अशा खोलीत.

व्यापारी भेटायला आला. हळहळला, चहा घेतला, आणि उठताना गोठ्याकडे बघून म्हणाला, “आता काय, मोकळे झालात तुमी. कधी पाठवू गाडी?”

“खेप चालू हाय अजून,” दादासाहेब म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला साखर आहे म्हणून रोज चालायला सांगितलंय. सकाळी गेटातून तो बाहेर पडतो आणि मेंढरं त्याच्या पुढे असतात. मी गुडघ्यांमुळे ओट्यावर बसून बघते.

दिवसकार्य आटोपल्यावर तो एकदा म्हणाला, “आई, आता वाघर आणतो. आबांचा शब्द अर्धा नको ऱ्हायला.” मी भाकरी केली. गाडी आली तेव्हा तो एकटाच उतरला, खांद्यावर तांदळाचं पोतं.

“रामहरीकाका घरी नव्हता,” म्हणाला.

रामहरी दूध घालायला रिसॉर्टपर्यंत जातो, त्यापलीकडे तो या दोन वर्षांत कुठे गेल्याचं मी ऐकलेलं नाही. भाकरी आम्ही दोघांनी वाटून खाल्ली. दिवाळी जवळ आली होती.